पायाखालची माती

पालीला आपल्याकडे फारसा मान नाही. मनात शंका आली की पाल चुकचुकते. पंचांगात पल्लीपतनाचं पान असतं. पाल कुठल्या अंगावर पडली तर काय फळ, हे त्यात सांगितलेलं असतं. आमच्या मुसलमान घरांतही वेगळी तऱ्हा नव्हती. भिंतीवर पाल दिसली की आमची दादी आधी झाडू शोधायची आणि मग चष्मा. अशा मुलखात पाळलेल्या पालीच्या पायाखाली काय अंथरावं, या विषयावर कुणी बोलू लागला तर तुम्हाला हसू येईल. जरूर हसा. पण या विषयाच्या तळाशी एका मुक्या जिवाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, म्हणून थोडं ऐकाही.

ही पाल आपल्या घरातल्या पालीसारखी नाही. तिला लेपर्ड गेको म्हणतात. पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके, म्हणून हे नाव. लांबी साधारण वीतभर, फार तर आठ-दहा इंच. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, नख्या असतात. त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवरून चालते. बहुतेक पालींना पापण्या नसतात, हिला आहेत. ती डोळे मिटून झोपते. जाडजूड शेपटीत चरबी साठवते आणि उपासमारीत त्यावर निभावून नेते. युरोप-अमेरिकेत ही पाल मुलं हौसेनं पाळतात. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते.

माझी भाची इंग्लंडमध्ये राहते. तिच्या दहा वर्षांच्या मुलानं खाऊचे पैसे साठवून अशी एक पाल आणली. दुकानदारानं काचेच्या पेटीबरोबर पांढरीशुभ्र, बारीक वाळूची पिशवी दिली. ही कॅल्शियमची वाळू आहे, पोटात गेली तरी पचते, असं सांगितलं. पेटीत छोटं वाळवंट तयार झालं. दोन महिन्यांनी पालीनं खाणं सोडलं, विष्ठा होईना, पोट फुगलं. पशुवैद्यानं क्ष-किरण चित्र काढलं, तर आतड्यात वाळू थापून बसलेली. ऊब, पाणी आणि औषधं यांवर काही आठवड्यांत ती सावरली. पण त्या दिवसांत पोरानं मला फोनवर विचारलं, ‘‘नाना, ती वाळवंटातलीच आहे ना? मग वाळूनं आजारी कशी पडली?’’

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायचं तर तिच्या मूळ गावाला जावं लागतं. १८५४ साली एडवर्ड ब्लाइथ यांनी या पालीचं शास्त्रीय वर्णन केलं. ब्लाइथ म्हणजे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक. त्यांच्याकडचा नमुना पंजाबातल्या सॉल्ट रेंजचा, म्हणजे मिठाच्या डोंगररांगेचा होता. तो भाग आज पाकिस्तानात आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग हा तिचा मुलूख. तिथं ती वाळूच्या टेकड्यांवर राहत नाही. खडकाळ उतार, खुरटं गवत, उन्हानं कडक झालेली चिकणमाती आणि तिच्यात रुतलेले दगडगोटे, हे तिचं अंगण. दिवसा दगडाच्या कपारीत किंवा बिळात लपायचं, सांज झाली की शिकारीला निघायचं. पायाखालची जमीन घट्ट, जवळजवळ आपल्या मुरमाड माळासारखी.

म्हणजे त्या पोराच्या पेटीत जे केलं होतं ते चित्रातलं वाळवंट होतं. नैसर्गिक दिसणं आणि नैसर्गिक असणं यांत अंतर पडलं, की किंमत त्या जिवाला मोजावी लागते.

आता वाळू पोटात जाते कशी? ही पाल किड्यावर झेप घेते तेव्हा तोंडात किड्याबरोबर खालचंही चिमूटभर येतं. शिवाय जीभ लावून ती जग ओळखते. शरीरात कॅल्शियम कमी पडलं तर ती मुद्दाम वाळू चाटते, आणि वाळूच कॅल्शियमची असेल तर अधिकच. कोरड्या जागी असे बारीक कण निसरडे असतात. ओल लागली की गोळा होतो. मात्र सगळा दोष वाळूवर टाकून चालणार नाही. सरपटणाऱ्या प्राण्याचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. ऊब कमी, पाणी कमी, कॅल्शियम कमी किंवा पोटात जंत असले, तर थोडीशी मातीही अडकते. पेटीच्या गरम बाजूला जमिनीचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला २४-२५ अंश, तेही थर्मोस्टॅट लावून राखलेलं, ही पहिली अट. अंथरणाचा विचार त्यानंतर.

काय अंथरावं? पाल पिल्लू असेल, नवी आणलेली असेल किंवा आजारी असेल, तर सरळ कागद. स्वयंपाकघरातला टिपकागद किंवा रद्दीचं वर्तमानपत्र. दिसायला काही नाही, पण विष्ठा रोज दिसते, तब्येत कळते, आणि कागद बदलला की काम झालं. वर्तमानपत्राचा हा उपयोग संपादकांना आवडेल की नाही, माहीत नाही.

पाल मोठी आणि धडधाकट असेल तर फरशी उत्तम. आपली शहाबादी असते तशी खडबडीत, न घोटलेली दगडी फरशी. ती उष्णता धरून ठेवते, पुसता येते, तिच्यावर चालून नख्या आपोआप झिजतात, आणि ती दगडासारखी दिसते, कारण ती दगडच असते. घोटीव, गुळगुळीत फरशीवर मात्र पाय घसरतात. दोन फरशांमधल्या फटी नीट भराव्यात, म्हणजे किडे त्यांत लपत नाहीत.

ज्यांना अस्सल जमीन हवी त्यांनी माती करावी. खत, औषध न घातलेली चाळलेली माती साधारण सत्तर टक्के आणि धुतलेली वाळू तीस टक्के. वाळू इथंही आहे, पण मातीनं धरून ठेवलेली. याचा एक कस आहे. मिश्रण ओलं करून मुठीत दाबायचं, मुटका उन्हात वाळवायचा. वाळल्यावर तो टणक राहिला तर माती जमली. बोटानं दाबताच भुगा झाला तर चिकणमाती वाढवायची. मग दोन-तीन इंचांचा थर पेटीत पसरून, पाणी शिंपडून, हातानं चोपून, पूर्ण वाळू द्यायचा. त्यानंतरच पाल सोडायची.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या जुन्या घराची भुई आठवली. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, चोपण्यानं चोपायचं, सुकलं की सारवायचं. अम्मीला मातीचा अंदाज हातानंच यायचा. तळव्यावर दाबून ती सांगायची, ‘‘ये नहीं जमती, फटेगी.’’ इंग्लंडमधल्या भाचीला मी फोनवर हीच रीत समजावली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मामू, हे तर नानीचं काम!’’

दगड ठेवायचे तर आधी काचेच्या तळावर ठेवावेत, मग भोवती माती भरावी. मातीवर ठेवलेला दगड, पाल खाली उकरू लागली की तिच्याच अंगावर बसतो. सुटा दगड तिच्या डोक्यापेक्षा मोठा हवा, म्हणजे गिळता येणार नाही. एका कोपऱ्यात ओलसर शेवाळ घातलेली बंद ढोली हवी. कात टाकताना ओल मिळाली नाही तर जुनी कात बोटांना आवळून बसते आणि बोटं गळतात. किडे वाडग्यात किंवा चिमट्यानं द्यावेत, म्हणजे जमिनीवरची झेपही कमी होते.

काय टाळावं तेही सांगतो. सुटी बारीक वाळू, कॅल्शियमची वाळू, आक्रोडाच्या कवचाचा भुगा (त्याला धारदार कडा असतात), गिळता येईल एवढी खडी, आणि देवदार-पाइनचा भुसा, कारण त्याच्या उग्र तेलाचा श्वासाला त्रास होतो. गालिच्यासारख्या चटयांच्या धाग्यांत नख्या आणि दात अडकतात.

या पालीची भावंडं आपल्याकडेही आहेत. पश्चिम भारतात, महाराष्ट्रातही, तिची एक जात आढळते. सातपुड्यातली आणखी एक जात २०१४ साली शास्त्रज्ञांनी नोंदवली. रानात ती दिसली की विषारी समजून लोक ठेचतात. जगातली कुठलीही पाल विषारी नाही. ही तर किडे खाऊन शेताचं भलंच करते. तिला घरी आणू नये आणि मारूही नये. तिच्यासाठी माळ आहे, दगड आहेत. फक्त ते दगड आपण उचलून नेऊ नयेत.

लांबच्या देशात काचेच्या पेटीत जन्मलेल्या पालीनं सॉल्ट रेंज कधी पाहिलेली नसते. तरी सांज झाली की ती उठते, घट्ट जमीन शोधते, दगडाखाली शिरते. माणसानं तिला आपल्या घरात आणलं आहे, तेव्हा तेवढी जमीन तिला देणं हे त्याचं काम. ती काही मागत नाही. काय हवं ते तिच्या मुलखाकडं पाहून आपणच ओळखायचं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)