कोर्टाची पायरी
(छत्रपति संभाजीनगर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घरोघरीं आहे. तिच्यानें फावलें कोणाचें? खोत, सावकार ती पायरी रोज चढत होते. घरीं बसलें तें कूळ.

लंडनांत ग्रेज इन नांवाची वकिलांची जुनी संस्था आहे. तेथला फ्रान्सिस बेकन राजकारणांत शिरून 1618 सालीं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजाचा वरिष्ठ न्यायाधिकारी, झाला. विद्वत्ता अफाट, पण 1621 सालीं पक्षकारांकडून पैसे घेतल्याचें त्यास कबूल करावें लागलें व पद गेलें. त्याच संस्थेंतून 1922 सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले. मुंबईस आले तर सॉलिसिटर त्यांना काम देईनात. विद्या विलायतेची, पण जात महाराची ना!

पुण्यांत ‘देशाचे दुष्मन’ या पुस्तकावरून जवळकर, जेधे वगैरे आपल्या मंडळींवर खटला झाला. खालच्या कोर्टानें शिक्षा ठोठावली. 1926 सालीं अपिलांत बाबासाहेब उभे राहिले व सर्वांना सोडवून आणलें.

महाडची गोष्ट याहून कठीण. डिसेंबर 1927 मध्यें चवदार तळ्याचें पाणी घेण्यास हजारों माणसें जमलीं आणि विरोधकांनीं कोर्टाचा मनाईहुकूम आणला. माणसें इरेस पेटलेलीं. तरी बाबासाहेबांनीं सत्याग्रह तहकूब करविला व दावा लढविला. निकाल लागला मार्च 1937 मध्यें, हायकोर्टांत: तळें सार्वजनिक, कोणास अडवितां येणार नाहीं. सव्वानऊ वर्षें! तेवढ्यांत बैलजोडी म्हातारी होते. पण पुन्हां तेथें कोणाला हुकूम दाखवितां आला नाहीं.

त्याच सालीं, 17 सप्टेंबरला, त्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती बंद करण्याचें बिल मांडलें. खोत सरकारचा सारा भरी आणि त्या निमित्तानें कुळाकडून धान्य व वेठ उकळी. जानेवारी 1938 मध्यें कोंकणचे शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. बिल तेव्हां पास झालें नाहीं. खोती उठविणारा कायदा 1949 चा. आपल्या निजामी मुलखांतल्या जहागिरीही त्याच सालीं गेल्या.

आणि 1950 सालीं या शहरांत त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें कॉलेज काढलें. पुढें त्याला नांव दिलें मिलिंद. मिलिंद हा राजा. भिक्षु नागसेनाला तो प्रश्नामागून प्रश्न विचारी, आणि नागसेन एकेकाचें उत्तर देई.