ब्रूजचे कालवे आणि आपले लोणावळे



गतवर्षी चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्हां उभयतांस बेल्जियममधील ब्रूज हे पुरातन नगर पाहण्याचा योग आला. कालव्यातून नाव संथ चालली होती. दुतर्फा विटांची जुनी घरे, कमानदार पूल, आणि वर 83 मीटर उंचीचा घंटेचा मनोरा! इ. स. 1134 च्या तुफानाने समुद्राची खाडी गावानजीक आली व व्यापार भरभराटला. पुढे खाडी गाळाने भरली, व्यापार अँटवर्पला गेला व नगरास दैन्य आले. तथापि जुनी घरे टिकली, आणि 2000 साली ते नगर जागतिक वारसा ठरले.

नावाडी हा पाण्याचा इतिहास मुखोद्गत सांगत होता. आम्ही मात्र मनातून खजील झालो. लोणावळे, वळवण व शिरोता येथील तलावांचे पाणी कालव्यांनी खंडाळ्यास येते आणि तेथून नळांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीस उतरून 1915 पासून वीज निर्माण करीत आले आहे. एरवी इंद्रायणीवाटे बंगालच्या उपसागराकडे जाणारे हे पाणी अरबी समुद्रास मिळते! तीस वर्षे भूगोल शिकवूनही आम्ही विद्यार्थ्यांस तो कालवा कधी दाखविला नाही.

आमची विनंती एवढीच, की प्रत्येकाने नातवंडांस तलावाकाठी न्यावे. पाणी कोठून येते, कोठे जाते, त्याखाली कोणाची शेते गेली, हे घरातील वृद्धांस विचारून लिहून ठेवावे. वृद्ध गेल्यावर विचारावयाचे कोणास?