चाळिशी की शस्त्रक्रिया?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो, आणि ते नाव अगदी यथार्थ आहे. वयाची चाळिशी आली की डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते. जवळचे पाहताना ते पूर्वीसारखे फुगत नाही. मग सुईत दोरा ओवायला पोरांना हाक मारायची अन् पोथी हातभर लांब धरायची. हा रोग नव्हे. केस पिकतात तसेच हे.

पण माझ्या लेकीचे म्हणणे, “आई, हल्ली लेझरने नंबर जातो. चष्मा काय सांभाळत बसतेस?” माझे वय ५३. मोह मलाही पडला. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना नीट विचारून घेतले. लेझर चालतो तो बुबुळावरच्या काचेसारख्या आवरणावर. ताठर झालेले असते ते आतले भिंग. एका डोळ्याने लांबचे आणि दुसऱ्याने जवळचे दिसावे अशी सोय लेझरने करता येते, परंतु ती सगळ्यांना मानवत नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून तशी सवय होते का पाहावे. दुसरा उपाय म्हणजे चांगले भिंग काढून कृत्रिम बसवायचे. लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणारी भिंगे मिळतात, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. शिवाय काढलेले भिंग पुन्हा बसवता येत नाही. चष्मा नको झाला तर नाकावरून उतरवता तरी येतो! मी चष्माच घेतला.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचे निराळे. त्या चष्म्यामागून चष्मे बदलीत, तरी सगळे धुकटच. तो मोतीबिंदू निघाला. भिंगच गढूळ झाल्यावर चष्मा काय करणार? थेंबांनीही तो जात नाही. ‘पिकू द्या’ म्हणून थांबण्याचे दिवस गेले. रोजच्या कामात अडू लागले की शस्त्रक्रिया करून घ्यावी. १९४९ साली हॅरोल्ड रिडले यांनी लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. तरी त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याकडच्या आज्यांच्या नशिबी ऑपरेशननंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा येई. जाऊबाई सकाळी गेल्या नि संध्याकाळी घरी आल्या. साधे भिंग बसवले असल्याने वाचायला मात्र त्यांना चाळिशी लागतेच.

दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे, भगिनींनो. चाळिशीनंतर डॉक्टरांकडून डोळ्यातला दाबही पाहून घ्यावा. काचबिंदू बहुधा गुपचूप येतो आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेह असेल त्यांनी डोळ्याचा मागचा पडदाही दरवर्षी तपासून घ्यावा.