संशोधन आणि सेवा : एकाच वहीची दोन पाने



खेड्यातील माणसाला महाविद्यालयीन विद्यार्थी दोन रूपांत भेटतो. एकदा तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी गावात येतो, शाळेत मुक्काम करतो, दिवसा चर खणतो, संध्याकाळी प्रबोधनाचे कार्यक्रम करतो आणि समारोपाचे छायाचित्र काढून निरोप घेतो. दुसऱ्यांदा तो हातात प्रश्नावली घेऊन येतो. घरात माणसे किती, जमीन किती, कर्ज किती, विहिरीला पाणी किती दिवस पुरते, हे विचारून, लिहून घेऊन तो जातो. पहिला सेवा करून जातो, दुसरा संशोधन करून जातो. या दोघांची आपसात गाठ पडते का, आणि पडत नसेल तर त्यात कोणाचे नुकसान होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात झाला. त्या वेळी देशातील ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत सहभागी होते. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे समाजकार्य, आणि त्याखेरीज दत्तक गावातील विशेष शिबिर, अशी तिची रचना. संशोधनाच्या बाजूस महाराष्ट्रात २००६ साली कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या, पुढाकाराने 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन सुरू झाले. मानव्यविद्या, भाषा व ललितकला हा एक गट, वाणिज्य, व्यवस्थापन व विधी हा दुसरा, त्यानंतर मूलभूत विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान आणि वैद्यक व औषधनिर्माण, असे सहा गट त्यात आहेत. विद्यार्थी भित्तिपत्रक लावतो, परीक्षकांपुढे आपले काम मांडतो, महाविद्यालयातून विद्यापीठाकडे आणि विद्यापीठातून राज्याकडे जातो. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या कार्यक्षेत्रातील कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांत ग्रामीण मुलांना अशा व्यासपीठाचे अप्रूप वाटावे हे स्वाभाविकच आहे.

दोन्ही योजना उत्तम आहेत. तथापि दोहोंचे कपाट वेगळे, नोंदवही वेगळी, आणि बहुधा प्राध्यापकही वेगळे. शिबिरात खणलेल्या चराचा हिशेब 'आविष्कार'च्या भित्तिपत्रकात सहसा येत नाही, आणि भित्तिपत्रकातील निष्कर्ष शिबिराच्या गावी पोहोचत नाही. सहा गटांची वाटणी परीक्षकांच्या सोयीसाठी आहे, गावातील प्रश्न मात्र त्या वाटणीप्रमाणे उभे राहत नाहीत. विहीर आटली तर ती भूगोलाची की अर्थशास्त्राची, हे विहिरीला कोणी विचारून पाहिलेले नाही.

याचे जवळचे उदाहरण कोरेगाव तालुक्याचेच घेता येईल. एकीकडे कालव्याचे पाणी व उसाचे मळे, दुसरीकडे पावसाच्या भरवशावरची कोरडवाहू शेती, असा हा तालुका. २०१६ साली पानी फाउंडेशनने 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही स्पर्धा सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी महाराष्ट्रातील तीनच तालुके निवडले होते : अमरावती जिल्ह्यातील वरुड, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई आणि साताऱ्यातील कोरेगाव. तिन्ही मिळून ११६ गावे उतरली आणि ५० लाख रुपयांचे पहिले पारितोषिक कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने मिळवले. दोनच वर्षांनी, २०१८ साली, माण तालुक्यातील टाकेवाडीने पहिला क्रमांक पटकावला. त्याच वर्षी १ मे रोजी शहरांतून हजारो माणसे 'जलमित्र' म्हणून श्रमदानास गावोगावी गेली, त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते.

आता या श्रमदानाकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहावे. डोंगरउतारावर समतल रेषेत खणलेला १०० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर घेतला तर त्यात एका वेळी १८ घनमीटर, म्हणजे १८ हजार लिटर पाणी मावते. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १० हजार लिटर पाणी होते. हे दोन आकडे जवळ असले की किती पावसाला किती चर हवेत, याचा ढोबळ हिशेब वाणिज्य शाखेचा मुलगाही मांडू शकतो. पण समतल रेषा आखणे हे भूमितीचे काम, माती किती वेगाने पाणी जिरवते हे पाहणे मृदाशास्त्राचे, आणि दख्खनच्या काळ्या कातळात पाणी फक्त वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत साठते हे सांगणे भूगर्भशास्त्राचे. म्हणूनच एका गावाने खणावे आणि पाणी शेजारच्या गावच्या विहिरीला वाढावे, असेही घडू शकते. पुढे विहिरीला पाणी आले की तेथे ऊस लावायचा की ज्वारी, हा प्रश्न येतो, आणि तो अर्थशास्त्राचा आहे. ऊस लावला तर ज्या पाण्यासाठी सारे गाव राबले ते दोन-चार शेतांत संपते. हे कोणी कोणाला, कोणत्या शब्दांत सांगायचे, हा तर शास्त्राच्याही पलीकडचा, गावच्या माणुसकीचा प्रश्न झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवण्याची प्रथा पाडली, तिचे महत्त्व येथे आहे.

व्यापारात वर्षअखेरीस खाते मिटवताना शिल्लक पुढच्या वर्षाच्या वहीत ओढली जाते. आरंभीची शिल्लक न लिहिता कोणी नवी वही उघडली तर तिला वही म्हणत नाहीत, चिठोऱ्यांची चवड म्हणतात. दत्तक गावातील कामाची स्थिती पुष्कळदा अशीच असते. यंदाच्या तुकडीने किती चर खणले ते अहवालात येते, गतवर्षीच्या चरांपैकी किती गाळाने भरले ते येत नाही. विद्यार्थी तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतो, गाव मात्र तेथेच असते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्याच धर्तीवर दत्तक गावातील दहा विहिरी निवडून त्यांची पातळी वर्षानुवर्षे एकाच वहीत लिहिली गेली, तर श्रमदानाने काय साधले याचे उत्तर पाच-सहा वर्षांत मिळेल. यास लागणारे भांडवल म्हणजे एक टेप, एक वजन आणि एक बांधीव वही.

हा विचार नवा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला आणि तो १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. माती, पाणी, पिके, कर्ज, घरखर्च हे सारे त्यांनी एकाच गावात एकत्र पाहिले आणि जुन्या दप्तरांतील नोंदीही धुंडाळल्या. १७७१ साली सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आले, हा त्यांचा निष्कर्ष आजही अभ्यासक सांगतात. केवळ मातीची परीक्षा करणाऱ्याला तो मिळाला नसता, केवळ दप्तर वाचणाऱ्याला त्याचा शेतीवरील परिणाम कळला नसता. आणि सातारा जिल्ह्याने तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रूपाने श्रम आणि शिक्षण यांची सांगड प्रत्यक्ष पाहिली आहे. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' ही केवळ घोषणा नव्हती, विद्यार्थी खरोखर हातात कुदळ घेत होता. त्याच परंपरेतून २०२१ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभे राहिले. त्यातील विज्ञान, कला आणि वाणिज्य ही महाविद्यालये एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आली आहेत. शाखांनी एकमेकींशी बोलावे यासाठी यापेक्षा सोयीची रचना कोणती?

कोणत्या विषयावर बोलावे, असे विद्यार्थी विचारतील. त्यासाठी कोरेगावच्या बाजारापलीकडे जाण्याचे कारण नाही. या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाघासारखे पट्टे असलेला हा दाणा, उत्तर हिंदुस्थानात ज्याला राजमा म्हणतात त्याच जातीचा. मानांकन मिळाल्याचा आनंद सर्वांना झाला, परंतु १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते नाव वापरण्यासाठी शेतकऱ्याने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि मूळ नोंदणीचेही दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, हे किती घरांपर्यंत पोहोचले असेल? अर्ज समजावून सांगणे हे विधी व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बियाण्याची शुद्धता पाहावी. राजम्याच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या गाठी इतर कडधान्यांच्या मानाने कमी धरतात, म्हणून त्यास नत्रखत द्यावे लागते. ते किती द्यावे आणि त्याचा खर्च दाण्याच्या भावातून निघतो का, हे रसायनशास्त्र व हिशेबशास्त्र यांनी मिळून ठरवावे. काढणीच्या वेळी पाऊस आला तर शेंग डागाळते, म्हणून गेल्या काही दशकांच्या पावसाच्या नोंदी भूगोलाच्या मुलांनी काढाव्यात. आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे सारे शेतकऱ्याला वाचता येईल अशा सोप्या मराठीत आठ पानांत लिहावे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. प्रबंधाची मराठी आणि बांधावरची मराठी यांत जे अंतर पडले आहे, त्यात कितीतरी चांगले संशोधन बुडून गेले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाचे प्रकल्प यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. म्हणजे एरवी ऐच्छिक असलेले काम आता गुणपत्रिकेत येणार. यात लाभ आहे, तसा धोकाही आहे. शेकडो विद्यार्थ्यांना एकाच वेळी प्रकल्प करावयाचे झाल्यास सोपी वाट म्हणजे मागच्या वर्षाचा अहवाल उतरवणे, आणि त्याहून वाईट म्हणजे एकाच गावातल्या एकाच कुटुंबाला चार-चार प्रश्नावल्या भरायला लावणे. ज्या माउलीने भाकरी थापता थापता उत्तरे दिली, तिला आपल्या उत्तराचे पुढे काय झाले हे कळण्याचा अधिकार आहे. ती कर्जाचा आकडा परक्या मुलाला सांगते, तेव्हा ती घरची अब्रू त्याच्या हाती देत असते. हे ऋण पावतीविना घेतलेले आहे, म्हणून ते अधिक काळजीने फेडावे लागते.

यासाठी फार मोठी यंत्रणा नको. 'आविष्कार'साठी गावावर केलेला प्रत्येक प्रकल्प स्पर्धेनंतर, बक्षीस मिळो वा न मिळो, त्या गावच्या ग्रामसभेत विद्यार्थ्याने स्वतः वाचून दाखवावा. परीक्षक जे विचारत नाहीत ते प्रश्न तेथे विचारले जातील. शिबिराला जाणाऱ्या तुकडीत निदान तीन शाखांचे विद्यार्थी असावेत, आणि निघण्यापूर्वी त्यांनी मागील तुकडीची वही वाचावी. ती वही महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता गावच्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत ठेवावी. एक अडचण मात्र राहते. विहिरीची सर्वांत महत्त्वाची नोंद मे महिन्यात घ्यावयाची असते, आणि तेव्हा महाविद्यालयांना सुटी असते. ती नोंद गावातल्याच, महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलीने वा मुलाने घ्यावी. प्रत्येक दत्तक गावात असे एखादे घर असतेच, त्याचा शोध पहिल्याच भेटीत घ्यावा.