अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि धोरण-संशोधनाची वाट

(अकादमीच्या इंदूर येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्रात एम.ए. झालेल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या घरात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘बँकेची परीक्षा केव्हा?’ आणि दुसरा, ‘नेट केव्हा?’ दोन्ही मार्ग चांगलेच. पण तिसराही एक मार्ग आहे. सरकारची एखादी योजना लोकांपर्यंत पोहोचली का, तिचा पैसा कुठे खर्च झाला, ती बदलायची तर कशी, याचा पुराव्यानिशी अभ्यास करणे. त्याला आज धोरण-संशोधन म्हणतात. नाव नवे असले तरी काम आपल्याकडे जुनेच आहे.

रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी सोलापूरच्या सरकारी हायस्कुलात मुख्याध्यापक होते. सरकारी अहवाल आणि जमाखर्चाची पत्रके बारकाईने वाचायची आणि पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात आर्थिक विषयांवर लिहायचे, हा त्यांचा व्यासंग. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले आणि १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलले. त्या दोन्हींमागे आकड्यांची तयारी करून देण्यात जोशींचा मोठा वाटा होता. सोलापुरात बसून, शाळा सांभाळून त्यांनी हे केले.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. १८९१ साली महूला जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना कृतज्ञतेने अर्पण केला. त्यांच्या शिक्षणाला महाराजांनी मदत केली होती. केंद्राने प्रांतांना पैसा कोणत्या तत्त्वावर द्यायचा, हा त्या ग्रंथातला प्रश्न आजही प्रत्येक वित्त आयोगापुढे असतो. अभ्यासकाच्या बुद्धीमागे कुणीतरी खर्चाची सोय करावी लागते, हेही त्या अर्पणपत्रिकेतून दिसते. त्या मुद्द्याकडे मी शेवटी येतो.

आता कामाचे बोलू. विद्यार्थी विचारतात, सुरुवात कुठून करू? माझे उत्तर असते, राज्याच्या किंवा आपल्या महापालिकेच्या अंदाजपत्रकातून. एकाच योजनेसमोर तिथे येत्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च दिलेला असतो. वर्तमानपत्रात मथळा येतो तो अंदाजाचा. समजा, एखाद्या योजनेला दहा कोटी ठेवले, सुधारित आकडा सहा झाला आणि शेवटी खर्च चारच झाला. मग प्रश्न पडतो, उरलेले सहा कोटी का खर्चले गेले नाहीत? मंजुरी उशिरा आली, कर्मचारी नव्हते, की अर्जच आले नाहीत? अशी पाच वर्षांची अंदाजपत्रके शेजारी ठेवून एका योजनेवर दोन पानांचे टिपण लिहा. गुणपत्रिकेपेक्षा ते टिपण तुमच्याविषयी अधिक सांगेल.

दुसरी शिदोरी पाहणीच्या आकड्यांची. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. रोजगाराची नियतकालिक श्रमबल पाहणी २०१७-१८पासून होते. त्यांची कुटुंबवार माहिती केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय अभ्यासकांना विनामूल्य देते. ती हाताळण्यासाठी ‘आर’ ही संगणकप्रणालीही फुकट मिळते. पुस्तकातले संख्याशास्त्र या माहितीवर चालवून पाहिले की ते अंगवळणी पडते.

तिसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची, भाषेची. माळव्यातल्या खेड्यात एखाद्या बाईला विचारले, ‘काम करती हो?’ तर ती म्हणते, ‘नहीं, घर पर ही रहती हूँ.’ मग विचारा, म्हशीचे कोण पाहते? सोयाबीनच्या कापणीला कोण जाते? उत्तर येते, ‘मैं ही.’ पहिल्या प्रश्नावर थांबलो तर ती कागदावर बेरोजगारही नसते, श्रमबलाच्या बाहेरच जाते. म्हणूनच पाहणीत मुख्य कामाबरोबर दुय्यम कामही विचारतात. बेळगावच्या मुलाला मराठीबरोबर कन्नड कळते, हैदराबादच्या मुलीला तेलुगू आणि उर्दू, इंदूरच्याला हिंदी आणि माळवी. घरात एक आणि रस्त्यावर दुसरी भाषा बोलत वाढलेल्या आपल्या मुलांना प्रश्नाचा शब्द कुठे अडतो हे चटकन समजते. मात्र अहवाल बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो. त्या भाषेत साधे, नेमके लिहिण्याचा सराव टाळता येणार नाही.

संधी कुठे आहेत? संघ लोकसेवा आयोगाची भारतीय आर्थिक सेवा आहे. रिझर्व्ह बँकेचा आर्थिक आणि धोरण संशोधन विभाग आहे. पुण्याची १९३०ची गोखले संस्था आहे, दिल्लीत सार्वजनिक वित्तावरची राष्ट्रीय संस्था आहे. आपल्या उज्जैनलाच सामाजिक विज्ञान शोध संस्थान आहे आणि भोपाळला सुशासन संस्था. पुष्कळांची सुरुवात प्रकल्पावरच्या संशोधन-सहायकाच्या कामाने होते. इथे पालकांपासून काही लपवू नये. प्रकल्प संपला की बहुधा ते कामही संपते. सुरुवातीचे मानधन महानगरात पुरतेच असे नाही. त्या दोन-तीन वर्षांत पीएच.डी. किंवा स्पर्धा परीक्षेची दिशा ठरवावी लागते.

आणि नेमकी इथेच गाळणी लागते. हुशारीची नव्हे, ऐपतीची. ज्याच्या घरून सहा महिने दिल्लीचे भाडे येते तो टिकतो. ज्याचे येत नाही तो कोचिंगच्या वर्गात परततो. मग गरिबीवरचे संशोधन ती न पाहिलेल्यांच्याच हाती राहते. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या निधीतला छोटा हिस्सा वेगळा काढून दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या सहा महिन्यांच्या राहण्याची सोय केली, तर हे चित्र थोडे तरी बदलेल. निवृत्त प्राध्यापकांनी आणि लेखापरीक्षकांनी महिन्यातून एक संध्याकाळ मुलांची टिपणे तपासायला द्यावी. अकादमीला माझी विनंती अशी की वार्षिकात एक टिपण विद्यार्थ्याचे असावे, मराठीत, आपल्याच शहराच्या एखाद्या योजनेवर. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांना निष्कर्ष वाचता यायला हवेत. पुण्याची भारतीय अर्थविज्ञानवर्धिनी ‘अर्थबोधपत्रिके’तून अर्थशास्त्र मराठीत आणते, तेव्हा हे अशक्य मुळीच नाही.

विद्यार्थी मित्रहो, महापालिकेचे अंदाजपत्रक वाचायला कुणाच्या नेमणुकीची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या मेळाव्याला येताना दोन पाने घेऊन या. वाचायला आम्ही बसलेलोच आहोत.