चेंडू ज्याच्या हातात, त्यानं नाव सांगायचं

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं)

बचतीचा आणि कर्जफेडीचा विषय झाला. आता मला दहा मिनिटं द्या.

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "लेकरांचा इंग्रजीचा अभ्यास घ्या म्हणता, पण आम्हालाच येत नाही, तर काय घेणार?" बरोबर आहे त्यांचं. आपल्या राज्यात मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे तुमच्यापैकी ज्यांची शाळा चौथीतच सुटली, त्यांची इंग्रजीशी गाठच पडली नाही. त्यात तुमचा काय दोष?

आणि समाजकार्याची पदवी घेतलेली मी तरी कुठं हुशार निघाले? एका शाळेत पहिल्या दिवशी फळ्यापुढं उभी राहून मी "माय नेम इज" म्हणत माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, आता तुम्ही म्हणा. तीस लेकरांनी एका सुरात माझंच नाव सांगितलं! पाठ झालं, पण कळलं कुणालाच नाही.

मग जुन्या साडीचा चेंडू केला. चिंध्यांचा गोळा, वरून सुतळी. लेकरं गोल बसवली. ज्याच्या हातात चेंडू, त्यानं आपलं नाव सांगायचं, समोरच्याला विचारायचं आणि चेंडू फेकायचा. पहिली फेरी मराठीत. ही फेरी गाळू नका. काय विचारलं आणि काय सांगायचं, हे लेकराला तिथंच कळतं. दुसऱ्या फेरीत तेच इंग्रजीत: "माय नेम इज..." आणि पुढं "व्हॉट इज युवर नेम?" अडलं तर शेजारच्यानं कानात सांगायचं. हसायचं मात्र नाही. हसला त्याची पुढची पाळी गेली.

चार दिवस एवढंच. मग "आय लिव्ह इन" म्हणून गावाचं नाव. मग वय. एक जण म्हणाला, "आय ॲम सात." त्याला चूक म्हणू नका. आपण फक्त "आय ॲम सेव्हन" म्हणायचं आणि खेळ पुढं न्यायचा. पुढच्या वेळी तो आपसूक सेव्हन म्हणतो.

पाचव्या दिवशी मी "माय मदर्स नेम इज" घेतलं. बापाचं नाव सगळ्यांना पाठ. एका पोराला आईचं नाव विचारलं तर तो म्हणाला, "आई." दोघी-तिघींना तर घरी जाऊन विचारून यावं लागलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नोंदीत बाळाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा शासनाचा नियम झाला आहे. कागदावर नाव आलं, पण लेकराच्या तोंडी कधी येणार? आणि रागावू नका, आपल्या बैठकीतसुद्धा ओळख सांगताना निम्म्या जणी "मी अमक्याची आई" म्हणून खाली बसतात.

हा खेळ घरीही घ्या, असा माझा आग्रह आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालतं. लेकरू शिकवेल, तुम्ही चेंडू झेला. त्याला शिकवणारा व्हायला फार आवडतं.

विशेषतः ज्या ताया दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांनी ऐका. लेकरू हंगामी वसतिगृहात राहिलं तर उत्तम, तिथं शाळा तुटत नाही. पण बरोबर न्यावंच लागलं, तर पुस्तक राहील, वही भिजेल. चिंध्यांचा चेंडू मात्र कोपीपुढंही चालतो. मागच्या हंगामात कारखान्यावर गेलेली एक मुलगी परत आली. शाळेत गोल बसल्यावर मला वाटलं, विसरली असेल. तिनं चेंडू झेलला, स्वतःचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं आणि आईचं तर इतक्या मोठ्यानं सांगितलं की दाराशी उभी असलेली तिची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. रोज संध्याकाळी धाकट्या भावाशी खेळत होती म्हणे.

बरं, चेंडू मी आज आणलाय. गोल बसा. अध्यक्ष मावशी, पहिला तुमच्याकडं टाकते. मराठीत सांगा, इंग्रजीत सांगा, पण स्वतःचं नाव सांगा.