घराचे निर्लेखन

(शिक्षक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बहुतेक शाळांतून एखादी खोली, निदान एखादा कोपरा असा असतो की, तेथे मोडकी बाके, तीन पायांची खुर्ची, वाळवी लागलेले नकाशे आणि बंद पडलेली यंत्रे एकावर एक रचून ठेवलेली असतात. त्या वस्तूंचा कोणालाही उपयोग नसतो. तरीही त्या बाहेर टाकता येत नाहीत. कारण जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नोंद असते आणि निर्लेखनाची मंजुरी आल्यावाचून ती नोंद कमी होत नाही. निर्लेखन हा शब्द ऐकताच आपल्या कपाळाला आठी पडते, हे मी जाणतो. परंतु त्या कंटाळवाण्या पद्धतीत एक मोठे शहाणपण दडलेले आहे. वस्तू आली कधी, याची तेथे नोंद असते. आणि तिचे काम संपले की तिने जावे कसे, याचीही रीत ठरलेली असते. आपल्या घरांत मात्र वस्तू येण्याची वाट रुंद झाली आहे आणि जाण्याची वाट बुजली आहे. घरातील अडगळ काढण्याची सवय आनंदाने कशी लागावी व ती टिकावी कशी, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ही सवय टिकायची असेल तर वर्षातून एकदा घर उपसून भागणार नाही. घरातील प्रत्येक वस्तूला जाण्याची वाट ठरवून दिली पाहिजे, आणि ती वाट मोकळी ठेवण्याचे काम घरातील सर्वांनी वाटून घेतले पाहिजे.

सातारा व सांगली हे जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते आणि आपल्या चालीरीती आजही एकच आहेत. नवरात्र जवळ आले की आपल्याकडे घरोघर ‘दसरा काढतात’. माळ्यावरची भांडी खाली येतात, भिंती झाडल्या जातात, वाकळा, घोंगड्या व गोधड्या नदीवर, ओढ्यावर नाही तर विहिरीवर धुवायला जातात. घराची अशी वार्षिक तपासणी लोकांनी आपण होऊन चालू ठेवली आहे. तिच्यासाठी कोणाला परिपत्रक काढावे लागले नाही. तेव्हा आवराआवर ही आपल्या लोकांना नव्याने शिकवायची गोष्ट आहे, असे कोणी समजू नये.

शिवाय जुन्या घराला वस्तू बाहेर जाण्याच्या वाटा होत्या. लुगडे विरले की त्याची वाकळ शिवली जाई. वाकळ फाटली की तिच्या चिंध्या बाळंत्यासाठी जात. आणि अखेर उरलेल्या चिंधीचे पोतेरे होई. फुटके पितळेचे भांडे कासाराकडे अथवा तांबटाकडे मोडीत जाई. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर येई. शेण, राख, पालापाचोळा उकिरड्यावर पडे आणि वर्षाअखेर खत होऊन शेतात जाई. वस्तू घरात साठत नसे, कारण ती पुढे सरकत असे.

आज घरात येणाऱ्या वस्तू निराळ्या आहेत. प्लास्टिकची वाकळ होत नाही आणि मोबाईलच्या मेलेल्या बॅटरीचे खत होत नाही. लग्नात आलेले आहेराचे डबे, फुटक्या बादल्या, तुटक्या चपला, रिकाम्या औषधाच्या बाटल्या, जुने टायर या सर्वांना जायला वाट नसल्यामुळे त्या माळ्यावर, पलंगाखाली आणि परसात साठतात. दसऱ्याला त्या पुसल्या जातात आणि पुन्हा जागेवर जातात. दसरा निघतो; अडगळ निघत नाही.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. परसात पडलेल्या टायरात, करवंटीत वा डब्यात पावसाचे पाणी साठले की डेंग्यू पसरविणारा डास तेथे अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगतो. दिवस आठवड्याचा का, हे मुलांना डासाच्या जन्माच्या हिशेबावरून समजावून सांगितले तर तो नियम त्यांना जाचक वाटणार नाही. सरपणाचा जुना ढीग, विटांची रास आणि कोपऱ्यातील पोती यांत विंचू राहतो; अडगळीत उंदीर होतात आणि उंदरामागे साप येतो. मण्यार रात्री फिरते, आणि आपल्याकडे पुष्कळ मुले जमिनीवर अंथरूण टाकून निजतात. घाटाखाली महाडला राहून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. परंतु औषध दवाखान्यात असते; विंचू मात्र उशाशी असतो.

दुसरी गोष्ट संकटाच्या वेळेची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने लोकांना झोपेत गाठले. भूकंपाच्या मुलखात निजणाऱ्याच्या डोक्यावर जड पेट्या व भांडी रचून ठेवू नयेत, एवढे तरी त्यावरून आपण शिकले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची खूण ४५ फुटांची आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेले संसार रस्त्यांच्या कडेला ढिगाने पडले होते. घर सोडायला तासाभराची सवड मिळते, तेव्हा शिधापत्रिका, सातबारा, पासबुक आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला एका पिशवीत व ठरलेल्या जागी असणे, यासारखी संपत्ती नाही. ज्या घरात सर्व काही असते पण काही सापडत नाही, त्या घरात त्या घटकेला काहीच नसते.

आता सवय टिकत का नाही, याचा विचार करू. २०००-०१ साली तत्कालीन ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील, जे आपल्याच तासगाव तालुक्यातील अंजनीचे, त्यांनी संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. गावेच्या गावे खराटे घेऊन उठली. त्या अभियानाचे बळ स्पर्धेत होते, आणि कोणत्याही स्पर्धेची मर्यादाही तीच असते: तपासणीची तारीख उलटली की हात सैल पडतो. ज्यांचे नाव त्या अभियानाला दिले, त्या गाडगेबाबांची रीत मात्र निराळी होती. १८७६ साली जन्मलेले बाबा १९५६ साली निवर्तले, तोपर्यंत गावात पाऊल ठेवताच आधी हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. लोकांनी यावे, अशी वाट ते पाहत नसत. ते झाडू लागत आणि लोक येऊन मिळत. धर्मशाळा त्यांनी इतरांसाठी उभ्या केल्या. स्वतःजवळ अंगावरच्या चिंध्या, गाडगे आणि काठी, एवढाच संसार ठेवला. त्यांच्यासारखे व्हा, असे मी म्हणणार नाही. ते सर्वांना साधणारे नाही. पण सवय उपदेशाने लागत नाही, रोजच्या ठरलेल्या कृतीने लागते, एवढे त्यांच्यापासून घेता येईल.

ठरलेल्या वेळेचे बळ पाहायचे असेल तर कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव पाहावे. २०२२ साली त्या गावाने सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. एकट्या घराला जे जड गेले असते, ते सर्व गावाने एकाच वेळी केल्यामुळे सोपे झाले. अडगळीच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. दिवेलागणीपूर्वीची दहा मिनिटे, किंवा शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास, अशी एक वेळ ठरवावी. आणि त्या वेळी सबंध घर नव्हे, तर एकच कोनाडा, एकच फडताळ, एकच पेटी हाती घ्यावी. काम लहान असले की ते पुरे होते. पुरे झाले की समाधान मिळते. आणि समाधान मिळाले की मनुष्य ते काम आपण होऊन पुन्हा करतो. सवयीचे सारे शास्त्र एवढेच आहे.

कोनाडा उघडल्यावर प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. तू कामाची आहेस काय? असशील तर तुझी जागा कोणती? नसशील तर तू जाणार कोणाकडे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लोखंड व पत्रा भंगारवाल्याकडे, रद्दी रद्दीवाल्याकडे, लहान झालेला सदरा पाठच्या भावंडाकडे, मागील इयत्तेची पुस्तके धाकट्या मुलाकडे, सुती चिंध्या वाकळेकडे. ‘फेकून दे’ म्हटले की आजीच्या मनाला ते टोचते. ‘देऊन टाक’ म्हटले की तीच आजी हसत पेटी उघडते. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. आपल्याकडे बंब वा चूल पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या घालण्याची खोड आहे. तो धूर विषारी असतो आणि तो प्रथम चुलीपुढे बसलेल्या माउलीच्या छातीत जातो. ही वाट वस्तू जाण्याची नव्हे. आणि वस्तू जावी यापेक्षा ती उगाच येऊच नये, हे अधिक बरे. तेव्हा आठवडे बाजाराला निघताना कापडी पिशवी आणि काय आणायचे त्याची यादी मुलाच्या हाती द्यावी. त्यात लेखनही होते व गणितही.

येथे आपणा शिक्षकांना दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले असे की, ‘तुमचे घर अस्वच्छ आहे’ हा शब्द कोणत्याही मुलाला उद्देशून वर्गात उच्चारू नये, आणि घरांची तपासणी तर मुळीच करू नये. दोन खणांच्या घरात सात माणसे राहतात तेव्हा तेथील पसारा हा आळसाचा पुरावा नसतो. उद्या विकत घेण्याची ऐपत नसते, म्हणून गरीब माणूस आजची फुटकी वस्तू राखून ठेवतो. तो विचार समजून घ्यावा. त्याची थट्टा करू नये. दिवंगत माणसाची काठी, चष्मा, पत्रे यांना अडगळ म्हणण्याचा अधिकार तर बाहेरच्या कोणालाच नाही.

दुसरे पथ्य अधिक कठीण आहे. दसरा काढतात, असे आपण म्हणतो. पण तो काढते कोण? ओल्या वाकळांचे ओझे डोक्यावर घेऊन नदीवरून येते ती घरची सून वा लेक. पसारा सर्वांनी करावा आणि आवरावे एकीने, अशी वाटणी जोवर आहे तोवर ही सवय टिकणार नाही. कारण एकीची पाठ मोडली की सवयही मोडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत आणि आपली कामे आपल्या हातांनी करीत. स्वावलंबन हा त्यांच्या शिक्षणाचा पायाच होता. त्याच जिल्ह्यात आज वर्ग झाडण्याची पाळी मुलींकडे आणि घंटा वाजविण्याचे काम मुलांकडे, असे कोठे होत असेल, तर ते आधी थांबले पाहिजे. मुलगा शाळेत केरसुणी धरील, तरच तो घरी धरील.

आरंभ कोठून करावा? दप्तरापासून. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे, असे २०२० चे राष्ट्रीय दप्तर धोरण सांगते. मुलाचे पहिले स्वतःचे घर म्हणजे त्याचे दप्तर. शनिवारी ते सर्वांनी मिळून उपसावे, नको ते काढावे, हवे ते जागेवर लावावे. नंतर वर्गाचे कपाट. आणि त्यानंतर आपल्या शाळेतील तो मोडक्या बाकांचा कोपरा. त्याचा निर्लेखन प्रस्ताव तयार करून पाठविणे आपल्या हाती आहे. मंजुरी यायची तेव्हा येईल. पण आपले गुरुजी आणि बाई स्वतः यादी करीत आहेत, हे मुलांनी पाहिले, की पुढचे अर्धे काम झाले. तीच मुले संध्याकाळी घरी जाऊन, ‘आई, आजचा कोनाडा माझा,’ असे म्हणतील.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणून तिची पूजा करतो. तिला हळदकुंकू वाहणारे हात एका दिवसाचे असतात. तिला रोज हाती धरणारे हात घरातील प्रत्येकाचे व्हावेत, एवढी आशा मी व्यक्त करतो.